गुरुवारचे आठकोनी बिल्ले

कल्याण पूर्व
६ जानेवारी २०२५

गुरुदत्तकाका,

मी मेघना, रवींद्र धिवारांची मुलगी. माझ्या नंबरवरून तुमचा फोन लागत नाही. बँकेतल्या मैत्रिणीच्या फोनवरून लावला तेव्हा तुम्ही उचललात, पण मी नाव सांगताच फोन कट झाला. शनिवारी घोडबंदरला तुमच्या सोसायटीत येऊन गेले. गेटवरच्या माणसाने टॅबवर माझा फोटो काढून वर पाठवला आणि म्हणाला, "मॅडम, वरनं रिजेक्ट आलंय." मी विचारलं, पत्र दिलं तर चालेल का? तो म्हणाला, पार्सल-पत्राला मनाई नाही. म्हणून लिहितेय.

जे झालंय ते तुम्हाला माहीत आहे. तरी आमच्या घरातून ते कसं दिसतं, ते सांगते.

तुमच्या पंचाहत्तरीला तुमच्या संग्रहाचं प्रदर्शन भरवायचं म्हणून तुमच्या सलिलने दिवाळीनंतर फेसबुकच्या पानावर फोटो टाकले. त्यात ठाण्याच्या पेस्तनजी संग्रहालयाचे चार आठकोनी प्रवेश-बिल्ले होते. संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद आहे आणि नव्या संग्रहपाल संचिता मॅडम एकेक कपाट तपासतायत. तिथे नमुना म्हणून ठेवलेले सहा आठकोनी बिल्ले असायला हवे होते, ते नाहीत. तुमचे फोटो पाहून त्यांनी तुम्हाला विचारलं. तुम्ही लिहून दिलंत: "हे बिल्ले मला संग्रहालयाचे माजी द्वारपाल श्री. रवींद्र धिवार यांनी दिले. त्यांनी ते कुठून आणले याची मला कल्पना नाही."

हे वाक्य मी बाबांना दाखवलेलं नाही.

काका, तुम्हाला कल्पना आहे. मला आहे, तर तुम्हाला कशी नसेल? मी जन्मायच्या आधीची गोष्ट, पण इतक्यांदा ऐकलीय की मी तिथे होते असं वाटतं. खिडकीवर पैसे दिले की बिल्ला मिळायचा. आतल्या दारावर तो बाबांच्या हातात द्यायचा, बाबा तो लाकडी पेटीत टाकायचे, आणि संध्याकाळी सगळे बिल्ले परत खिडकीवर जायचे. कुठलाही बिल्ला बाहेर जाऊ द्यायचा नाही, हीच बाबांची नोकरी. एकोणऐंशी साली कागदी तिकिटं आली, तेव्हा सगळे जुने बिल्ले पंच मारून रद्द केले आणि त्या वेळच्या सेक्रेटरींनी नोकरांना आठवण म्हणून मूठमूठ वाटले. बाबांच्या मुठीत चार आठकोनी आले. ते सेक्रेटरी आज नाहीत. खिडकीवरचे चांगदेवमामा नाहीत. त्या दिवशी मूठ पुढे केलेल्यांपैकी एकटे बाबा उरलेत.

आठकोनी का, तेही मला पाठ आहे. फार पूर्वी गुरुवार फक्त बायकांचा असे. त्या दिवशी दारावरच्या माणसाने मान खाली घालून उभं राहायचं, वर बघायचं नाही. बिल्ला न बघता बोटांना कळावा म्हणून त्याला आठ कोन. बाबांना हे त्यांच्या आधी दारावर असलेल्या धाकू हवालदारांनी सांगितलं, बाबांनी तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही ते मासिकात लिहिलंत. लेख आमच्याकडे आहे.

तेव्हा तुम्ही कोलशेतच्या कंपनीत नवे इंजिनियर होतात आणि रविवारी यायचात. बाबा म्हणतात, लोक बिल्ला दाराच्या लाकडी पट्टीवर ठेवून पुढे जायचे; तुम्ही तो त्यांच्या हातात दिलात आणि विचारलंत, "हा किती जुना असेल हो?" तिथून पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षं तुमच्या बिल्ल्यांच्या अदलाबदली चालल्या. ते चार बिल्ले तुमच्याकडे गेले, ते असेच.

ते गेले तेव्हा त्यांना भोकं होती. फोटोत नाहीत. तीन वर्षांपूर्वी तुमच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला बाबा आले होते आणि न जेवता परतले होते. आई म्हणाली, "काय हो, पान वाढलं नाही का त्यांनी?" बाबा म्हणाले, "वाढलेलं. भूक नव्हती." त्यानंतर ते तुमच्याकडे कधी आले नाहीत. का, ते मला आत्ता कळलं. त्या दिवशी त्यांनी तुमच्या भिंतीवरची त्या बिल्ल्यांची फ्रेम पाहिली असणार.

चोवीस तारखेला विश्वस्तांची बैठक आहे. नीट खुलासा झाला नाही, तर तक्रार पोलिसांत जाणार. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. तुम्ही फक्त या आणि खरं ते सांगा. भोकं कोणी बुजवली, का बुजवली, हे मी विचारणार नाही. कुणाला सांगणारही नाही.

मेघना


कल्याण पूर्व
११ जानेवारी

गुरुदत्तकाका,

पत्र पोचलं, कारण उत्तर आलं. सलिलचा फोन होता.

"मॅम, डॅड सेव्हंटी-फाइव्हचे आहेत. त्यांना बीपी आहे. प्लीज असं लेटर्स वगैरे ड्रॉप करू नका."

मी म्हटलं, "सलिल, तू मला मेघनाताई म्हणायचास."

तो म्हणाला, "हो, सॉरी. पण ताई, डॅडनी जे लिहून दिलं त्यात खोटं काहीच नाहीये ना? काकांनी दिले, हे खरं आहे. कुठून आणले, हे डॅडना कसं माहीत असणार? लीगली ते बरोबर आहेत."

"आणि भोकं?"

"कसली भोकं?"

काका, त्याला खरंच माहीत नाही. तुम्ही त्याला सांगितलेलं नाही. त्याच्या लेखी ते बिल्ले पहिल्यापासून अखंड आहेत, आणि म्हणूनच तो प्रदर्शन भरवतोय. मी त्याला समजावून सांगितलं. कपाटातून गेलेले सहा बिल्ले नमुन्याचे होते, त्यांना कधीच पंच मारला नव्हता. बाबांना मिळालेले रद्द केलेले होते. भोक असलेला बिल्ला म्हणजे वाटलेला आणि भोक नसलेला म्हणजे चोरलेला, असा साधा हिशेब आहे. तुमच्या चारही बिल्ल्यांचं भोक गेलं, आणि भोकाबरोबर माझ्या बापाचा पुरावा गेला.

तो म्हणाला, "मग भोकं दाखवा म्हणजे झालं."

मी म्हटलं, "तेच म्हणतेय. बुजवलंय ते उघडा आणि चोवीसला आणा."

हे पत्रातही लिहिते, म्हणजे विसरायला नको. बुजवलेली भोकं उघडा.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. मी बाबांच्या मागे मागे तुमच्या संग्राहक मंडळाच्या रविवारच्या बैठकांना येऊन बसायची. अखंड बिल्ला कुणी खिशातून काढला की सगळे खुर्च्या पुढे ओढायचे आणि भोकाचा काढला की चहा मागवायचे, हे मी लहानपणी पाहिलंय. बाबा नेहमी म्हणायचे, भोक म्हणजे त्या बिल्ल्याची रिटायरमेंट, ती लपवायची कशाला? तुम्ही हसायचात. मंडळातल्या लोकांना तुम्ही ते चार अखंड म्हणून दाखवलेत, त्यांनी टाळ्या वाजवल्या, आता सगळ्यांसमोर ते बुजवलेले निघणार. हे सोपं नाही. पण एका बाजूला टाळ्या आहेत आणि दुसऱ्या बाजूला पोलीस स्टेशनच्या बाकावर बसलेले बाबा. तुम्ही दोन्हीचं वजन करा.

बाबांना मी ही पत्रं लिहितेय हे माहीत नाही. संचिता मॅडमनी त्यांना पुन्हा बोलावलं होतं. भल्या बाई आहेत, खुर्ची दिली, पाणी दिलं. विचारलं, "धिवारकाका, भोकं कोणी बुजवली असतील?" बाबा म्हणाले, "मी नाही." "मग कोणी?" बाबांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाबा, नाव का नाही घेतलंत?" तर म्हणाले, "मी बुजवताना पाहिलं का? न पाहिलेलं कसं सांगू?"

आई घरात भांडी आपटतेय. "त्यांना कोण म्हणणार चोर? टॉवरमधी राहतात. चोर म्हणायला आपणच बरे सापडतो." तिच्यापुढे मी काय बोलू?

मेघना


कल्याण पूर्व
१७ जानेवारी

गुरुदत्त सबनीस यांस,

तुमच्या ड्रायव्हरने आज पाकीट आणून दिलं. आत तीन बिल्ले आणि सलिलची चिठ्ठी: "ताई, होल्स ओपन करून घेतलेत, कोलशेतच्या वर्कशॉपमधून. फ्रेममध्ये तीनच होते. आता डॅडना त्रास नको."

मी पाकीट टेबलावर उघडलं आणि मला इतकं हलकं वाटलं की बाबांना हाक मारली. आता लपवायचं कशाला? मी म्हटलं, "बाबा, बघा, गुरुकाकांनी पाठवले. भोकं उघडलीत."

बाबांनी चष्मा लावला. एक बिल्ला उचलला, उजेडाकडे धरला. मग दुसरा. मग तिसरा.

"गोल?" ते म्हणाले.

"काय गोल?"

"ही भोकं गोल आहेत. ड्रिलची आहेत." त्यांनी काठावरून नख फिरवलं. "अजून धार आहे. कालचीच असतील."

"मग?"

"आमचा पंच तिकोनी होता, मेघना."

मला कळायला वेळ लागला. संग्रहालयाचा रद्द करायचा पंच तिकोनी होता, कारण गोल भोक कुणीही पाडेल, तिकोनी कोण पाडणार? रद्द केलेले पितळी बिल्ले आजही संग्रहालयाच्या कपाटात आहेत, सगळ्यांना तसंच भोक आहे. तुमच्या बिल्ल्यांमध्येही, बुजवलेल्या तुकड्याच्या भोवती, तो तिकोन शाबूत होता. वर्कशॉपमधल्या माणसाला कुणीतरी सांगितलं असणार, इथे भोक होतं, इथे भोक पाडा. त्याने त्याच्यापेक्षा मोठं ड्रिल घातलं आणि तिकोन खाऊन टाकला. तिन्हीतला.

तुम्हाला तिकोन माहीत होता. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर सलिल वर्कशॉपला गेला नसता. आणि मी बाबांना विचारून पत्र लिहिलं असतं तर "उघडा" एवढंच लिहिलं नसतं, कसं उघडा तेही लिहिलं असतं. बाबांपासून लपवण्याच्या नादात मी त्यांनाच बुडवलं.

"कुणी सांगितलं त्याला भोकं उघडायला?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, "मी."

ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "चहा टाकू का?" विचारता विचारता तिने टाकलाही.

दुपारी बिल्ले संचिता मॅडमना नेऊन दाखवले. लपवून ठेवले असते तर आणखी वाईट दिसलं असतं. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "मेघनाताई, मी तुमच्यावर विश्वास ठेवला तरी विश्वस्त ठेवणार नाहीत. ते म्हणतील, अखंड बिल्ले होते, चौकशी लागल्यावर भोकं पाडली. आणि पाडून ते आणले कुणी, तर धिवारांच्या मुलीने."

मग त्यांनी विचारलं, "फोटोत चार होते. चौथा कुठे आहे?"

चौथा कुठे आहे?

त्याला हात लावू नका. ड्रिल नको, कानस नको, पॉलिश नको. मॅडम म्हणतात, हळू तापवला तर बुजवताना दिलेला डाग, म्हणजे जोडाचं कथील, वितळेल, आतला तुकडा आपोआप सुटेल आणि खालचं मूळ भोक जसंच्या तसं दिसेल. हे संग्रहालयात, सगळ्यांसमोर करता येईल. पण त्यासाठी तो एक बिल्ला हवा. आता तेवढा एकच आहे.

मेघना धिवार


कल्याण पूर्व
२० जानेवारी

काका,

काल गेटवर भेटलात. मी रिजेक्ट होऊन परत फिरणार, एवढ्यात तुम्ही बागेतून फिरून येताना दिसलात. मी हाक मारली. तुम्ही थांबलात, हे मी विसरणार नाही. पण पुढचं सगळं मी पुन्हा लिहून काढतेय, कारण रात्रभर ते डोक्यात फिरतंय आणि कुठेतरी मी चुकीचं ऐकलं असेल अशी आशा आहे.

तुम्ही म्हणालात, "रवीने पाठवलं तुला?"

"नाही. त्यांना माहीत नाही मी इथे आलेय ते."

"तो माझ्याबद्दल काय म्हणतो?"

"काहीच म्हणत नाहीत."

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," तुम्ही म्हणालात. आणि मग, "चौथा बिल्ला माझ्याकडे नाही, मेघना. हरवला."

हे म्हणताना तुमचा हात शर्टाच्या खिशावर गेला. तुम्हाला कळलंही नसेल. मी विचारणार, तेवढ्यात सलिलची गाडी आली आणि तो खिडकीतून ओरडला, "डॅड, वकिलांनी काय सांगितलंय? कुणाशी बोलायचं नाही म्हणून सांगितलंय ना?" तुम्ही माझ्याकडे पाठ केलीत आणि आत गेलात. गेटवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, बाजूला व्हा, गाडी येतेय."

मी तिथून थेट ठाण्याला गेले आणि संचिता मॅडमना लिहून दिलं, की भोकं तुम्ही बुजवलीत असं मला वाटतं, आणि चौथा बिल्ला तुमच्याजवळ आहे असंही वाटतं. "कुणाला सांगणार नाही" असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. तो शब्द मी मोडला. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. माझ्या जागी अंतरा असती तर तुमच्यासाठी तिनेही हेच केलं असतं. तुमची मुलगी आहे ती.

संध्याकाळी हे बाबांना सांगितलं. ते इतके चिडलेले मी कधी पाहिले नाहीत. "तू पाहिलंस का? आपल्यावर न पाहता बोट दाखवलं तर आपल्याला कसं वाटतं? मग?" मी म्हटलं, "बाबा, तुम्ही जेलमध्ये गेलात तर मी कुणाकडे बघू?" ते म्हणाले, "मी इतकी वर्षं दारावर उभा होतो. एक बिल्ला कमी भरला नाही. ते मला माहितीये." मी म्हटलं, "तुम्हाला माहीत असून काय उपयोग? बाकीच्यांना माहीत असायला हवं ना?"

त्या रात्री ते जेवले नाहीत.

तो बिल्ला खाडीत टाकायचा विचार तुमच्या मनात येत असेल. कोलशेतची खाडी तुमच्या घरापासून लांब नाही. टाकलात तर बिल्ले बुजवल्याचं कुणालाच सिद्ध करता येणार नाही. तुमचं काही जाणार नाही. मग बाबांसाठी काहीच उरणार नाही.

चोवीसला, सकाळी. पत्ता तुम्हाला माहीत आहे.

मेघना


कल्याण पूर्व
२५ जानेवारी

गुरुदत्तकाका,

कालचं तुम्ही पाहिलंत, तरी तुम्ही आत येण्याआधीचं आणि तुम्ही गेल्यानंतरचं तुम्हाला माहीत नाही.

बसने जायचं बाबांनी ठरवलं होतं. शीळफाट्याला कंटेनर उलटला होता, बस जागेवरून हलेना. मी रिक्षा बघायला उतरले, तर बाबा म्हणाले, "बस गं. आपण गेलो नाही तर बैठक थोडीच होणार? चोराशिवाय चौकशी कशी करतील?" आणि हसले. बसमधल्या दोन बायकांनी वळून पाहिलं. मला तेव्हा रडू आलं.

पोचलो तेव्हा तीन विश्वस्त टेबलामागे होते. टेबलावर पांढऱ्या फडक्यावर ते तीन बिल्ले. मधल्या विश्वस्तांनी बाबांना विचारलं, "ही भोकं कोणी पाडली?" बाबा म्हणाले, "माहीत नाही." मी उठले आणि पत्रांचं सगळं सांगितलं, वर्कशॉपची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. मग डावीकडचे म्हणाले, "बाई, तुम्ही वडिलांसाठी बोलताय हे आम्ही समजू शकतो." तुम्हाला माहितीये, या वाक्याचा अर्थ काय असतो. मी खाली बसले. त्यांनी कागद पुढे ओढले. संचिता मॅडम म्हणाल्या, "सर, आणखी पाच मिनिटं थांबूया." "कशासाठी?" "सबनीस येतील." "त्यांच्या वकिलांचं पत्र आलंय. ते येणार नाहीत."

तेव्हा बाहेर सलिलचा आवाज आला. "डॅड, प्लीज! आत्ता नको. आपण लेखी देऊ." आणि तुम्ही आत आलात. तुमचे बूट उलटसुलट पायात होते. तुमच्या लक्षात आलं नसेल, म्हणून सांगते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तो बिल्ला खिशातून काढलात, मॅडमच्या माणसाने तो जाळीवर ठेवून खालून ज्योत धरली, सगळे वाकून उभे राहिले. बाबा मात्र खुर्चीत बसून होते. तुकडा फरशीवर पडल्याचा आवाज आला आणि संचिता मॅडम म्हणाल्या, "तिकोन."

मला वाटलं, झालं. पण मधले विश्वस्त म्हणाले, "हा एक रद्द केलेला होता, मान्य. बाकीच्या तीन बिल्ल्यांचं काय? ते तर कपाटातले असू शकतात."  वस्तू जेवढं सांगू शकत होती तेवढं सांगून झालं होतं. मी बाबांकडे पाहिलं. बाबा तुमच्याकडे बघत होते. गेल्या तीन वर्षांत पहिल्यांदा.

तुम्ही म्हणालात, "चारही मला रवीने दिले तेव्हा चारही तिकोनी भोकांचे होते. ते वाटले गेले त्याच आठवड्यात त्याने मला येऊन सांगितलं होतं. मला कल्पना नाही असं मी लिहून दिलं, ते खोटं आहे. भोकं मी बुजवून घेतली. मंडळींना अखंड म्हणून दाखवायला."

"लेखी द्याल?"

"कागद आणा."

सलिल म्हणाला, "डॅड!" तुम्ही त्याला म्हणालात, "तू बाहेर गाडीत बस." असं तुम्ही त्याच्याशी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

तुम्ही उभ्यानेच लिहिलंत. विश्वस्तांनी ते बाबांना वाचायला दिलं. तुम्ही सुरुवातीला लिहिलं होतं, "माझे मित्र श्री. रवींद्र धिवार यांनी". बाबांनी सावकाश सगळं वाचलं आणि कागद तुमच्याकडे सरकवला. म्हणाले, "गुरू, 'मित्र' काढ. पुराव्यात ते येत नाही."

डावीकडचे विश्वस्त हसले. दुसरं कुणी हसलं नाही. तुम्ही तो शब्द खोडलात आणि बाजूला सही केलीत.

काका, बाबांनी ते रागाने म्हटलं, की मित्राची साक्ष लोक कच्ची धरतात म्हणून तुमचा जबाब पक्का व्हावा यासाठी म्हटलं, हे मला कळलेलं नाही. बसमध्ये विचारलं, तर ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग स्वतःहून म्हणाले, "ते कल्पना नाहीवालं वाक्य मी पहिल्याच दिवशी वाचलेलं. संचिता मॅडमनी दाखवलेलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू चिडली असतीस."

"आणि मी तुम्हाला दाखवलं नाही, तुम्ही खचाल म्हणून."

घरी येऊन हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुमचं दोघांचं मला माहीत होतं. मी बोलले का?"

तक्रार पोलिसांत जाणार नाही. विश्वस्तांनी बाबांच्या नावे दोन ओळींचं पत्र दिलंय, की त्यांच्यावर कोणताही संशय नाही. आईने ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात कपड्यांच्या खाली ठेवलंय. ते सहा नमुन्याचे बिल्ले कुणी नेले, हे अजून कुणाला माहीत नाही. बाबा म्हणाले, "शोधा म्हणावं. आता तरी शोधा."

तुमचं प्रदर्शन सलिलने रद्द केल्याचं त्याच पानावर वाचलं. मंडळातल्या दोघांनी बाबांना फोन केला, तुमच्याबद्दल काहीबाही बोलायला लागले. बाबांनी फोन ठेवून दिला. तिसऱ्याचा आला तो उचललाच नाही.

तुम्ही आज सकाळी निरोप पाठवलात, की रविवारी येऊ का. मी तो बाबांना वाचून दाखवला.  मी विचारलं, काय कळवू? म्हणाले, "तू काही कळवू नकोस. तू पुष्कळ लिहिलंस. आता ते माझ्यावर सोड."

तेव्हा माझ्याकडून हे शेवटचं पत्र. बाबांचं उत्तर येईपर्यंत येऊ नका. यापुढे तुम्हाला जे यायचं ते बाबांकडून येईल, किंवा येणार नाही. मी मध्ये पडणार नाही.

मेघना